नेमक्या कोणत्या डॉक्टरकडे जाऊ?

मंगळवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी दवाखान्यात औषध घ्यायला येणाऱ्यांइतकीच नुसते विचारायला येणारी माणसे असतात. एखादे गृहस्थ भाजीची पिशवी दाराशी ठेवतात, पडदा बाजूला करतात आणि उभ्याउभ्याच म्हणतात, ‘डॉक्टर, तुम्हाला दाखवायचं नाही हं, फक्त एवढं सांगा, गुडघ्यासाठी मिरजेला कुणाकडं जाऊ?’ या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतही हाच प्रश्न वेगवेगळ्या वेशात असतो. चक्कर येते, कानाचा डॉक्टर की मेंदूचा? पाठ दुखते, हाडाचा की किडनीचा? एम. डी. मोठा की एम. एस.? म्हणून या आठवड्यात एकच आजार न घेता डॉक्टरांविषयीच बोलावे म्हटले.

आपल्या सांगली जिल्ह्यात ‘मिरजेला नेलं’ या दोन शब्दांना एक वजन आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले. पुढे १९६२ साली तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले रोगी तिथे जाऊ लागले, ते आजतागायत. माझ्या लहानपणी कुणाला मिरजेला नेले असे कळले की आजी देव पाण्यात ठेवायची. मिरजेला जाणे म्हणजे गावच्या डॉक्टरने हात टेकल्यानंतरची गोष्ट होती. आता तसे राहिलेले नाही. आमच्या तालुक्याच्या गावातसुद्धा दर गुरुवारी हृदयरोगतज्ज्ञ, दर शनिवारी त्वचारोगतज्ज्ञ अशा पाट्या आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यामुळे एक नवा घोटाळा झाला. दुखणे जिथे, तिथला डॉक्टर, असा सोपा हिशेब लोकांनी मनाशी धरला.

हा हिशेब कुठे चुकतो ते सांगतो. शेजारच्या गावचे एक द्राक्षबागायतदार आहेत, त्यांना आपण आबा म्हणू. वय चोपन्न. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारणी चालू असताना त्यांचा डावा खांदा दुखू लागला. पाठीवरचा पंप अडकवतात तोच खांदा. पंपाच्या पट्ट्याने दुखतो असे त्यांनी ठरवले आणि ते थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी मानेचा एक्स-रे काढला. मणके थोडे झिजलेले दिसले. पन्नाशीनंतर ते बहुतेकांचे दिसतात, माझेही आहेत. वेदनाशामक गोळ्या आणि मानेला पट्टा मिळाला. तीन आठवडे गोळ्या खाऊन खांदा तसाच, वर छातीच्या खाली जळजळ सुरू झाली. मग आबा पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे दुर्बिणीने तपासणी झाली, जठराला सूज निघाली. वेदनाशामक गोळ्यांनी ती येतेच. त्यावरही औषध मिळाले.

माझ्याकडे ते आले ते स्वतःसाठी नव्हे, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला. बोलता बोलता खांद्यावर हात दाबला. मी विचारले, ‘काय झालं?’

‘मणक्याचं हाय म्हणत्यात. पट्टा बी दिलाय.’

‘कधी दुखतो?’

‘बांधावरनं वर चढाला लागलं की धरतंय बघा. जरा थांबलं की सोडतंय.’

‘आणि पंप पाठीवर असताना बसून राहिलं तर?’

‘बसल्यावर कशाला दुखंल?’

वाचकहो, सगळी मेख या शेवटच्या वाक्यात होती. खांद्याचे दुखणे हात हलवल्यावर वाढते, चढण चढल्यावर नव्हे. चालताना येणारे, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत जाणारे दुखणे, मग ते छातीत असो, खांद्यात असो, जबड्यात असो की पोटाच्या वरच्या भागात, ते हृदयाचे असू शकते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी वाढीव रक्त पोचत नाही आणि स्नायू तक्रार करतो. ती तक्रार मज्जातंतूंच्या वाटेने भलत्याच ठिकाणी जाणवते. मी आबांचा कार्डिओग्राम काढला. तो अगदी ठीक आला. इथेही लोक फसतात. आराम करताना काढलेला कार्डिओग्राम अशा रोग्यात सर्रास ठीक येतो. मी मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली आणि त्यात ते बांधाचे वाक्य जसेच्या तसे घातले. अँजिओग्राफीत मुख्य वाहिनी बरीच अरुंद निघाली, स्टेंट बसला. यंदाच्या छाटणीला आबा बागेत होते.

यात हाडाच्या डॉक्टरांची किंवा पोटाच्या डॉक्टरांची चूक मी म्हणणार नाही. ‘माझा खांदा दुखतो, पंपाने दुखतो’ असे सांगत माणूस आला तर खांदाच तपासला जाणार. तज्ज्ञाचे शिक्षण खोल असते, विहिरीसारखे. कोणत्या विहिरीत उतरायचे हे मात्र आधी ठरावे लागते, आणि ते रोग्याने स्वतः ठरवू नये एवढेच माझे म्हणणे आहे. तुमच्या गावात जो साधा डॉक्टर आहे, ज्याला तुमच्या वडिलांचा मधुमेह, तुमची तंबाखू आणि तुमच्या घरातली भांडणे ठाऊक आहेत, त्याच्याकडे आधी जा. त्याच्या चिठ्ठीने पुढे जा. आणि पुढून आलात की पुन्हा त्याला कागद दाखवा. हे शेवटचे कुणीच करत नाही.

आता नावापुढच्या अक्षरांकडे येऊ, कारण त्याविषयीची पत्रे थांबत नाहीत. एम. बी. बी. एस. म्हणजे साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी. त्यानंतर तीन वर्षांनी एम. डी. किंवा एम. एस. यांत मोठा-लहान असे काही नाही. ज्यात शस्त्रक्रिया मुख्य ती एम. एस., बाकीची बहुतेक एम. डी. त्याच तोडीची डी. एन. बी. ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी. पुढे आणखी तीन वर्षे शिकून डी. एम. किंवा एम. सीएच. होतात. म्हणजे तुमचा हृदयरोगतज्ज्ञ कुठेही न अडखळता शिकला तरी साडेअकरा वर्षे विद्यार्थी असतो. त्याची फी ऐकून नाक मुरडताना एवढे लक्षात ठेवावे.

नुसते ‘एम. डी.’ वाचून मात्र काही कळत नाही. एम. डी. मेडिसिन म्हणजे फिजिशियन. पण रक्त तपासणारे पॅथॉलॉजिस्ट एम. डी. असतात, भूलतज्ज्ञ एम. डी. असतात, आणि आयुर्वेदातही एम. डी. असते. तेव्हा एम. डी. कशात, हे विचारावे. त्यात अपमान नाही. बी. ए. एम. एस. ही आयुर्वेदाची पदवी, बी. एच. एम. एस. होमिओपॅथीची. त्यांच्या नोंदणीच्या परिषदा वेगळ्या आहेत. आमच्यासारख्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर असलाच पाहिजे, आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव शोधताही येते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगा, दोन मिनिटांत काढून देईल. काही पाट्यांवर नावापुढे अक्षरांची मालगाडीच असते. त्यातले काही डबे निव्वळ संघटनेच्या सभासदत्वाचे असतात.

गोंधळ होणाऱ्या जोड्या पुष्कळ. न्यूरॉलॉजिस्ट मेंदूचे आणि मज्जातंतूंचे आजार औषधाने बघतो, न्यूरोसर्जन त्यांचीच शस्त्रक्रिया करतो. फिट येत असेल तर आधी पहिल्याकडे. मूत्रपिंड नीट गाळत नसेल, पायावर सूज असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट. खडा, प्रोस्टेट, लघवी अडणे यासाठी युरोसर्जन. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, तर तो बहुधा वाताचा आजार. त्याचा खास डॉक्टर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, पण तो आपल्याकडे थोडा दुर्मीळ. चांगला फिजिशियनही तो आजार ओळखतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून मिळतो. मात्र मधुमेह झालेल्याने वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडून पडदा तपासून घ्यावा, ते काम चष्म्याच्या दुकानात होत नाही.

एका जोडीवर जरा थांबतो. मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. पहिला आमच्यासारखा एम. बी. बी. एस. होऊन मग एम. डी. झालेला डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. दुसरा बोलून, ऐकून, चाचण्या घेऊन मदत करतो, औषध देत नाही. दोघांचीही गरज असते. पण आपल्याकडे येरवडा आणि रत्नागिरी ही नावे मनोरुग्णालयांमुळे थट्टेत इतकी मुरली आहेत की मनोविकारतज्ज्ञाचे नाव काढले की घरची माणसे रागावतात. ‘आमची पोरगी काय वेडी हाय काय?’ असे एक मामा माझ्यावर डाफरले होते. मुलगी बाळंतीण होती, दीड महिन्याची. झोप नाही, बाळाला जवळ घेत नाही, एकटक बघत बसते. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा हा आजार ओळखीचा आहे आणि औषधाने सुधारतो. मामांची समजूत पटायला तीन फेऱ्या लागल्या, आणि त्या तीन फेऱ्यांत मला रात्रीची झोप नव्हती. अशा आजारात आई स्वतःचे किंवा बाळाचे बरेवाईट करू शकते. शेवटी मामा स्वतःच तिला घेऊन सांगलीला गेले. तिच्या मुलाचे जावळ झाले तेव्हा पेढे आले होते.

एकाच वेळी अनेक डॉक्टर केल्याने दुसरे एक नुकसान होते, ते औषधांचे. एका सत्तरीच्या आजींना त्यांच्या सुनेने आणले. ‘जेवण जात नाही, मळमळतं, पाय सुजलेत.’ मी म्हटले, घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर ओतली तर त्यात तीन ठिकाणच्या चिठ्ठ्या आणि दोन वेगळ्या नावांच्या, दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या. दोन्हींत औषध एकच, डायक्लोफिनॅक. म्हणजे आजी महिनाभर दुप्पट मात्रा घेत होत्या. शिवाय जत्रेत कुणीतरी दिलेली ‘वाताची पुडी’ होती, तिच्यात काय होते ते देव जाणे. रक्तातले क्रिएटिनिन वाढले होते. मूत्रपिंडांवर ताण आला होता. सगळे बंद केले, फिजिशियनना दाखवले. आजींचे नशीब, की महिन्याभरात आकडा खाली आला. काहींचा येत नाही. तेव्हा डॉक्टर कोणताही असो, पिशवी घेऊन जा. आणि गोळ्यांची पट्टी कापताना नाव असलेला तुकडा आधी फेकू नका. ‘ती पांढरी, छोटी, गोल’ या वर्णनाच्या किमान पाचशे गोळ्या बाजारात आहेत.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल की हा डॉक्टर आपल्या साध्या पदवीची जाहिरात करतो आहे. म्हणून माझी एक चूक लिहितो. पंधरा वर्षे होऊन गेली. एक शिक्षिका माझ्याकडे आल्या, वय पन्नाशीच्या आत-बाहेर. शौचावाटे रक्त जाते म्हणाल्या. ‘मूळव्याधच आहे, आमच्या आईलाही होती.’ संध्याकाळची वेळ, बाहेर वीस-पंचवीस माणसे, त्यांना संकोच आणि, खरे सांगायचे तर, मलाही सोयीचे. मी तपासले नाही. मलम आणि इसबगोल लिहून दिले. महिन्याने त्या परत आल्या, थोडे बरे आहे म्हणाल्या. मी तेच पुन्हा लिहिले. चौथ्या महिन्यात त्या जिना चढून आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, चेहरा पांढरा पडला होता. हिमोग्लोबिन सात. त्या दिवशी मी नर्सला आत बोलावून तपासले, आणि बोटाला गाठ लागली. गुदाशयाचा कर्करोग. तपासणीला दोन मिनिटे लागली असतील.

त्यांचे ऑपरेशन झाले, किरणोपचार झाले. शौचाचा मार्ग पोटावर काढावा लागला, पिशवी कायमची आली. चार महिने आधी कळले असते तर ती टळली असती का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण टळण्याची संधी होती, ती मी घालवली. ऑपरेशननंतर मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी चहा ठेवला. तेव्हापासून रक्त जाते म्हणणारा रोगी तपासल्याशिवाय मी सोडत नाही, मग बाहेर रांग कितीही असो. तुम्हालाही हेच सांगणे आहे. शौचावाटे रक्त, स्तनातली गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाणे, तोंडातली तीन आठवडे न भरणारी जखम, यांपैकी काहीही घेऊन गेलात आणि डॉक्टरने हात न लावता चिठ्ठी लिहायला घेतली, तर म्हणा, ‘डॉक्टर, एकदा तपासता का?’ बाईमाणसाने सोबत बाई हवी म्हणून सांगावे, तो तुमचा हक्क आहे. डॉक्टरला राग आला तर दुसरा डॉक्टर बघा.

दुसऱ्याचे मत घेतले तर पहिला रागावेल का, असेही लोक भीत भीत विचारतात. मोठे ऑपरेशन सांगितले असेल, आणि घाई नसेल, तर दुसरे मत अवश्य घ्यावे. त्यासाठी कागद लागतात. रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याचे कागद तीन वर्षे जपून ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ सालचा नियम आहे. रीतसर अर्ज करून मागा. एक्स-रेचे पाकीट ट्रंकेमागे उंदरांच्या हवाली करू नका.

एक प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, तो निनावी पत्रातून येतो. चिठ्ठी दिली की डॉक्टरला कट मिळतो का? काही ठिकाणी मिळतो. नाही म्हणून कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकू? त्याच २००२ च्या नियमांनुसार असा कट देणेही गैर आहे आणि घेणेही. तुम्ही एवढेच करू शकता: ‘इथेच का?’ असे विचारा, आणि ‘सरकारी दवाखान्यात हे होतं का?’ असेही विचारा. सरळ डॉक्टर दोन-तीन नावे सांगतो आणि प्रत्येकाचे बरे-वाईट सांगतो. एकाच लॅबचा हट्ट धरणारा मला तरी पटत नाही.

आता, आधी गावच्या डॉक्टरकडे जा म्हटले, त्याला अपवाद आहेत, आणि ते घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला आणि ते थांबत नाही, तोंड एका बाजूला ओढले, एक हात लुळा पडला, बोलणे बोबडे झाले, साप चावला, श्वास लागून ओठ निळे पडले, बाळंतिणीला रक्त थांबत नाही. अशा वेळी माझी वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी घ्या. अर्धांगवायूत मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सी. टी. स्कॅन व्हावा लागतो, म्हणजे जिथे स्कॅन आहे तिथेच जायचे. सापाचे मात्र उलट. तिथे मोठे नाव शोधत लांब जायचे नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष असते, ते आधी. मांत्रिक तर नाहीच नाही. अपघातात पोलीस येईपर्यंत डॉक्टर हात लावत नाहीत हा समजही आता सोडावा. जखमीवर आधी उपचार, बाकी सोपस्कार मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे.

एका वाचक भगिनीने विचारले आहे की ऑपरेशनच्या बिलात भूलतज्ज्ञांची वेगळी फी कशाला, ते तर एक इंजेक्शन देतात. बाई, इंजेक्शन देऊन ते घरी जात नाहीत. सर्जनची नजर जखमेवर असते, तेव्हा तुमचा श्वास, नाडी आणि रक्तदाब भूलतज्ज्ञ सांभाळत असतात, आणि तुम्ही जाग्या होईपर्यंत सांभाळतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांना भेटा. दमा, ॲलर्जी, हलणारा दात, आधीच्या भुलीचा त्रास, सगळे सांगा. चोरून सकाळी चहा प्यायला असाल तर तोही सांगा.

शेवटचे पत्र तासगावहून आले आहे, एका निवृत्त पोस्टमास्तरांचे. ‘आपण स्वतः आजारी पडल्यास कोणाकडे जाता?’ एवढाच मजकूर. मास्तर, बरीच वर्षे कुणाकडेच जात नव्हतो. स्वतःचा रक्तदाब स्वतःच मोजायचो, जरा जास्त आला की यंत्राला दोष द्यायचो. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात माझा वर्गमित्र भेटला, तोही एम. बी. बी. एस., पलीकडच्या तालुक्यात दवाखाना चालवतो. जेवणाच्या पंगतीत त्याने माझ्या पायांकडे बघितले, बोटाने दाबले, खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकावर चौथ्या नंबराला बसलो होतो, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. आता दर तीन महिन्यांनी जातो. परवा त्याने विचारले, गोळी रोज घेतोस ना? मी हो म्हटले. त्याने पट्टी मागितली आणि गोळ्या मोजल्या. चार जास्त निघाल्या.